बाभळीवरचा माळढोक

तीस वर्षं मी एकच तक्ता फळ्यावर काढत आले. मधोमध उभी रेघ, डावीकडं उंदीर, उजवीकडं माळढोक. उमरग्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवायची. वर्गीकरणाचा धडा निघाला की पोरं जांभया द्यायला लागायची. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुळ हे सगळं जेवणानंतरच्या तासाला ऐकायचं म्हणजे शिक्षाच, त्यांनाही आणि मलाही. म्हणून ही जोडी मी शोधून काढली. उंदीर घेतला, कारण तो प्रत्येकाच्या घरात होता. माळढोक घेतला, कारण तो कुणीच पाहिलेला नव्हता.

तक्त्यातल्या पहिल्या दोन ओळी सारख्याच. दोघंही प्राणी, दोघांनाही पाठीचा कणा. ‘म्हणजे भाऊभाऊच की, मॅडम,’ असं दरवर्षी कुणीतरी म्हणायचंच. तिथून पुढं वाटा फुटायच्या. उंदीर सस्तन, पिल्लांना दूध पाजणारा. त्याचा गण कुरतडणाऱ्यांचा, ज्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. सस्तन प्राण्यांत एवढा मोठा गोतावळा दुसऱ्या कुणाचा नाही. माळढोक पक्षी. आधी त्याला सारस-क्रौंचांच्या गणात बसवत. पुढं शास्त्रज्ञांना कळलं की हा त्यांच्यातला नव्हेच, मग त्याला आणि त्याच्या भावकीला वेगळं बिऱ्हाड करून दिलं. उंदरीण वर्षात किती वेळा विते, याची मोजदाद तिलाही नसेल. माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. शेवटची ओळ संवर्धन स्थितीची. डावीकडं ‘चिंता नाही’, उजवीकडं ‘अतिसंकटग्रस्त’. तिथं मी खडू जरा जोरात दाबायची.

एका वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी खवचटपणे विचारलं, ‘मॅडम, तुम्ही स्वतः पाहिलाय का पण?’

माझा स्वभाव तापट. त्या सुरानं माझं डोकंच फिरलं. ‘पाहिलाय!’ मी म्हणाले.

‘कुठं?’

‘आमच्या शेतात. बांधावरच्या बाभळीवर बसला होता.’

वर्ग चिडीचूप झाला. जांभया बंद. पोरं माझ्याकडं असं बघायला लागली की मला माझाच अभिमान वाटला. काय सांगू, पुढच्या वर्षी धडा आला तेव्हा कुणी विचारायच्या आधी मीच सुरू केलं. हळूहळू बाभळीला पिवळी फुलं आली. माळढोकानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी श्वास रोखून उभी राहिले. एका स्नेहसंमेलनाला माझा थोरला भाऊ, दादा, आला होता. पोरांनी त्याच्यासमोरच विषय काढला, तेव्हा त्यालाही तीच थाप पचवायला दिली. ‘तुम्ही नाही का त्या दिवशी बाजाराला गेला होता, तेव्हा,’ म्हणाले. दादानं मान डोलावली.

आणि मग काही वर्षांनी एका पुस्तकात मी नीट वाचलं. माळढोकाला मागचं बोटच नसतं. पायाला तीन बोटं, तिन्ही पुढं. फांदी पकडायला मागं काही नाही, त्यामुळं तो झाडावर बसत नाही, कधीच नाही. मी पुस्तक मिटलं. एकटीच होते तरी कानशिलं तापली. पण बाभळ काढायची तरी कशी? इतकी वर्षं फुलवलेली. मी ती तशीच ठेवली आणि निवृत्तीपर्यंत सांगत राहिले. लाज वाटायची, आणि तरी सांगायची.

आता खरी गोष्ट सांगते. आमचं शेत सास्तूरच्या बाजूला. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गाव उठून नव्या जागेवर गेलं, आणि जुन्या गावठाणावर बाभळी नि बोरी माजल्या. पडक्या भिंतींखाली उंदरांचं राज्य. गावठाणाला लागून आमची ज्वारी आणि हरभरा, त्याच्या पलीकडं उघडं गायरान. निवृत्त झाल्यावर येळवशीला मी आठवडाभर आधीच माहेरी जाऊन राहायला लागले. वेळ अमावास्या म्हणा की येळवस, आमच्या भागात त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळे शेतात जेवायला. त्या वर्षीही मी बॅग घेऊन उतरले, तर दादा तोंड पाडून बसलेला.

‘आक्का, चल शेतात. दाखवतो तुला,’ तो म्हणाला. घरात लहानथोर सगळे मला आक्काच म्हणतात.

जुन्या गावठाणाकडच्या कडेनं ज्वारी आडवी पडली होती. कणसं निसवायच्या बेतात आणि ताटं बुडातून कुरतडलेली, सरळ ओळीनं, कुणी विळा घेऊन बसल्यागत. बांधाला जागोजागी बिळं. दादाचं वर्षभराचं जोंधळं नि दोन्ही बैलांचा कडबा त्याच रानात उभा होता.

‘औषध टाकतो उद्याच,’ दादा म्हणाला.

झालं, माझ्यातली मास्तरीण जागी झाली. ‘असं टाकून चालत नाही, दादा. उंदीर हुशार असतो. नवं खाणं दिसलं की आधी चाखून बघतो, पोट दुखलं की परत तोंड लावत नाही. पद्धतीनं करा.’

‘बरं बाई, तू सांगशील तसं. तूच तर उंदरांची मास्तरीण.’

पद्धत अशी. पहिल्या दिवशी सगळी बिळं चिखलानं लिंपायची. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील ती जिवंत. त्या बिळांत दोन दिवस नुसती ज्वारीची भरड तेल लावून ठेवायची, बिनविषाची. उंदीर चटावले की मग त्याच भरडीत औषध कालवायचं. दादानं आणि मी मिळून बिळं लिंपली. वहिनी बांधावर उभी राहून हसत होती. ‘आक्का, घरात कदी चूल सारवली न्हाय तुमी, अन् उंदराचं दार बगा कसं सारवताय!’

दुसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त बिळं उकरलेली निघाली. मी भरड कालवून दिली. पण दादाच्या कंबरेला वाकवत नव्हतं. वाकून आत हात घालायचा सोडून त्यानं मूठ मूठ भरड बिळाच्या तोंडाशी, बांधावरच उघडी ठेवली. ‘येतील की भाईर. पावणे हायेत का त्ये, आत नेऊन वाढाया?’ मी ओरडले, पण त्यानं ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर भरड साफ. एक दाणा नाही. ‘चटावलेत लेकाचे,’ दादा खूश होऊन म्हणाला. त्यानं पुन्हा भरड ठेवली, आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी औषध टाकायचं ठरलं. येळवस त्याच्या दुसऱ्या दिवशी.

चौथ्या दिवशी उजाडायला मी एकटीच बांधावर गेले. धुकं होतं. हरभऱ्याच्या टोकाला, गायरानाच्या कडेशी कुणीतरी उभं होतं. मला वाटलं कुणी बाई सरपणाला आलीय. मग त्या बाईनं मान खाली घातली आणि बांधावरचं काहीतरी टिपलं.

फिकट लांब मान. डोक्यावर काळी टोपी. मातकट पाठ, आणि चाल अशी की अख्खं रान तिच्या नावावर आहे. खोटं का बोलू, मी मटकन हरभऱ्यात बसले, दवानं लुगडं ओलं झालं. तीस वर्षं ज्याच्याबद्दल मी बडबडले, ते पाखरू पुढ्यात उभं होतं, आणि मला एक शब्द सुचेना. रडू मात्र आलं. तो एका बिळाकडून दुसऱ्या बिळाकडं गेला, आमची भरड टिपत, शिस्तीत. मग गायरानातल्या गवतात शिरला.

तेवढ्यात डोक्यात वीज चमकली. भरड उंदरांनी खाल्ली नव्हती, निदान सगळी तरी नाही. आम्ही दोन दिवस एका माळढोकाला चटावत होतो. आणि आज संध्याकाळी त्याच बांधावर, त्याच मुठीनं विष पडणार होतं, माझ्या पद्धतीप्रमाणं.

मी धावत घरी आले. दादा दात घासत होता.

‘दादा, औषध टाकू नका! माळढोक आलाय बांधावर!’

दादानं चूळ भरली. सावकाश तोंड पुसलं. ‘लांडोर असंल,’ तो म्हणाला.

‘लांडोर ओळखू येत नाही का मला?’

‘बांधावर फिरत हुता न्हवं? मग न्हाई माळढोक. तूच सांगितलंस की सगळ्यांम्होरं. माळढोक बाभळीवर बसतो.’

तोंडात मारल्यासारखी मी उभी राहिले. वहिनी चुलीपाशी उद्याच्या येळवशीच्या भज्जीसाठी भाज्या निवडत होती, तीही म्हणाली, ‘व्हय की, आक्का. पिवळी फुलं होती म्हनलात.’ अगं बाई! त्यांना सगळं पाठ होतं.

दिवसभर जीव टांगणीला. किती सोपं होतं, एवढंच म्हणायचं की मी थाप मारली होती. पण बासष्टाव्या वर्षी, ज्या भावानं स्वतःची शाळा सोडून मला शिकवलं, त्याच्यासमोर हे बोलायला जीभ रेटेना. त्यानं गावभर सांगितलं होतं, आमच्या आक्कानं माळढोक पाहिलाय. मी इकडून तिकडं फेऱ्या मारत राहिले. दुपारी दादानं हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि काठीनं भरडीत काळी पावडर कालवली. चार वाजता पाटी उचलून तो निघाला. मी मागोमाग.

बांधापाशी मी आडवी आले. ‘दादा, थांबा. मी कधीच माळढोक पाहिला नव्हता.’

‘काय?’

‘थाप होती ती. पोरं टवाळी करत होती म्हणून मारलेली. बाभळ खोटी, फुलं खोटी, तुम्ही बाजाराला गेला होता तेही खोटं. माळढोक झाडावर बसतच नाही, त्याला मागचं बोटच नसतं. आज सकाळी मी पहिल्यांदा पाहिला. ते विष टाकलंत तर तो उद्याच मरेल, आणि त्याला मी मारलेलं असेल.’

एवढं बोलून मी हुंदके द्यायला लागले, भर बांधावर. पाटी खाली ठेवून दादा बिळाशी वाकला, कंबर दुखत होती तरी. आम्ही लिंपलेला चिखल आता वाळला होता, आणि त्याच्या कडेला, तो ओला असतानाच, पाऊल उमटलं होतं. चांगलं मोठं. तीन बोटं पुढं, मागं काही नाही. पलीकडं तसलंच आणखी एक. दादा जन्मभर रानात वावरलेला. लांडोरीचं मागचं बोट मातीत कसं टेकतं ते त्याला माझ्यापेक्षा बरं ठाऊक.

तो तिथंच बांधावर बसला. ‘म्या आदीच वळखला हुता त्याला,’ तो म्हणाला. ‘तू यायच्या चार दिस आदी.’

आता माझी पाळी. ‘काय?’

‘लांडोर अशी नसती गं, मला दिसत न्हाय का! पन भ्या वाटलं. तिकडं सोलापूरच्या अंगाला माळढोकापायी लोकांच्या जमिनी अडकल्या, असं ऐकलंय. म्हनलं, फारेस्टवाल्याला कळलं तर ही साडेतीन एकर गेली. म्हनून गप बसलो. तुजी बाभळ बरी सापडली मला. झाडावर न्हाय, मग माळढोक न्हाय. मनाची समजूत.’

‘आणि तो मेला असता तर?’

दादानं पाटीकडं पाहिलं. ‘सकाळपासनं तेच चाललंय डोस्क्यात. जेवलो न्हाय म्या.’

आम्ही दोघं म्हातारी भावंडं, दोघंही खोटारडी, विषाची पाटी मधे ठेवून बांधावर बसलो. मग दादानं कुदळ आणली आणि बांधापासून लांब खोल खड्डा खणून ती भरड पुरली, वर दगड ठेवले. बांधावर एक दाणा पडलेला नाही, याची मी दोनदा खात्री केली. तो चिडला. ‘दिसत न्हाय का मला?’ म्हणाला.

ज्वारीचं काय झालं ते आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव तिकडंच राहील. उंदरांनी खाल्ली ती खाल्ली. पण आम्ही तारेचे सापळे लावले. रानात आडव्या खुंटीचे उंच दांडके रोवले, त्यावर घुबडं येऊन बसायला लागली, आणि दादा रोज सकाळी दांडक्याखाली घुबडांनी ओकलेल्या गोळ्या फोडून त्यात उंदराची हाडं दाखवायला लागला, मलाच. काढणीनंतर बिळं खणली तर आत कणसंच्या कणसं साठवलेली. जोंधळं वर्षाला पुरलं. कडबा थोडा कमी पडला, तो शेजारच्या भावकीनं दिला. माझ्या तक्त्यातला ‘चिंता नाही’वाला अजून तसाच आहे, त्याची चिंता आम्हालाच.

माळढोकाचं मात्र कुणाला तरी सांगणं भाग होतं. माझा एक जुना विद्यार्थी येडशीकडं वनरक्षक आहे. त्याला फोन करायचा म्हणताच दादा नको म्हणून मान हलवायला लागला. वहिनीच बोलली शेवटी. ‘करू द्या. लपवून ठेवलं तर एक दिस दुसऱ्या कुनाचं तरी औषध खाईल त्यो.’ मी फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, ‘मॅडम, उद्या सकाळी येतो.’

उद्या म्हणजे येळवस. तो मोटारसायकलवर आला, गणवेशात, आणि सगळ्यात आधी दादाच्या पाया पडला. दादानं नमस्कार घेतला नाही, सरळ विचारलं, ‘साहेब, जमीन जाईल का माजी?’

‘साहेब म्हणू नका, काका,’ तो म्हणाला. ‘एका पाखरासाठी तुमची जमीन कुणी काढून घेत नसतं. मी नोंद करणार, वर कळवणार, ते माझं कामच आहे. जे काही पुढं होईल ते तुम्हाला आधी सांगीन, तुमच्या अंगणात बसून. आज मला फक्त एवढंच हवं. विष नको आणि गर्दी नको.’

‘इष पुरलं,’ दादा म्हणाला. ‘पन गर्दी? आज येळवस हाय!’

हाच मोठा पेच. वहिनीच्या माहेरची माणसं, पुण्याहून आलेली पोरं-सुना, सगळी मिळून वीस-पंचवीस डोकी. त्यात आंबील शिंपडत रानाभोवती फिरायचं ते ‘ओलगे ओलगे सालम पलगे’ असं गळा फाटेस्तोवर ओरडत. ते न करावं तर दादाला चालणार नाही. त्याच्या हयातीत ते चुकलेलं नव्हतं.

दादानं विचार केला. पूजेसाठी उभारलेली कडब्याची कोप, म्हणजे खोपी, नेहमीच्या जागेवरून काढून पार विहिरीकडच्या टोकाला नेली, गायरानापासून जेवढी लांब नेता येईल तेवढी. पांडव म्हणून पूजायचे पाच दगड तिथंच मांडले. आणि मग, देवा शपथ, आमच्या घरानं त्या वर्षी कुजबुजत येळवस केली. दादा पुढं, हातात आंबिलीचं गाडगं, आणि मागं सगळे. ‘ओलगे ओलगे’ दादा पुटपुटला. ‘सालम पलगे’ आम्ही पुटपुटलो. सुनांना हसू आवरेना, पदर तोंडात कोंबून चालल्या. शेजारच्या रानातून लोक ओरडत होते आणि आमच्याकडं बघत होते की यांच्या घशाला झालं तरी काय.

गायरानाकडच्या बाजूला आलो तसा दादानं हात वर केला. सगळे थांबले. माझा विद्यार्थी आधीच तिथं हरभऱ्यात पालथा पडला होता, गणवेशाची पर्वा न करता. मी त्याच्या शेजारी जाऊन टेकले, माझे गुडघे जेवढे टेकू देतील तेवढी.

तो आला होता. गवताच्या कडेशी, उन्हात. मान उंच करून आमच्या घोळक्याकडं बघत होता. पंचवीस माणसं, एकाच्याही तोंडून हूं नाही. मग त्याला वाटलं असावं, ही माणसं निरुपद्रवी दिसतात. तो वाकला, गवतातला एक टोळ टिपला आणि सावकाश चालत राहिला. दादाच्या हातातल्या गाडग्यातून आंबील ठिबकत होती, त्याला भानच नव्हतं.

मी विद्यार्थ्याकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतकी वर्षं नोकरी झाली, पण त्यानंही माळढोक कधी पाहिला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. आता याला खरं सांगायलाच पाहिजे, असं मी मनाशी ठरवत होते. दादाला सांगून झालं होतं, आता याची पाळी होती. मी घसा साफ केला.

तोच आधी बोलला, डोळे तिकडून न काढता.

‘मॅडम, बाभळीवर नाही बसलेला.’

‘तुला कधी कळलं?’

‘ट्रेनिंगमध्ये. पहिल्याच आठवड्यात शिकवलं, याला मागचं बोट नसतं म्हणून.’

‘मग इतक्या वर्षांत एकदा तरी बोलायचंस! फोन करून शिव्या द्यायच्या होत्यास.’

‘शिव्या कशाला, मॅडम?’ तो म्हणाला. ‘तुमची ती बाभळ शोधायला म्हणूनच तर मी वनखात्याचा फॉर्म भरला होता.’